दोराला तीन हिसके

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी की त्याच्याही पुढच्या, आता नक्की सांगता येत नाही, पण आमच्याकडं पाऊस पडायचाच राहिला. शिरूर अनंतपाळला आमचं लहानसं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पाटीवर खाली ‘जि. उस्मानाबाद’ होतं, ते वडिलांनी पांढऱ्या रंगानं बुजवून वर ‘जि. लातूर’ लिहून घेतलं. रंग पातळ होता. उन्हात उभं राहिलं की खालचं नाव वर आल्यासारखं दिसायचं. त्या वर्षी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दुपारी वडील फळ्या लावून आतच पडून राहायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो. घरात बसून काय करायचं म्हणून मी यारीवर कामाला लागलो.

यारी म्हणजे विहीर खोल करायचं यंत्र. काठावर लोखंडी खांब, डिझेलचं इंजिन, पोलादी तारेचं रीळ, आणि तारेच्या टोकाला दगडमाती भरून वर घ्यायची बादली. यारीचे मालक उदगीरचे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणायचो. ते मराठी बोलत, पण रागावले की दखनी. त्यांनी मला इंजिनावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी हातमोजे काढायला लावले. तार फिरत नसेल तेव्हा तिच्यावर उघडा तळहात ठेवायचा. खाली सात-आठ परसावर, म्हणजे चाळीस-पन्नास फुटांवर माणसं, इंजिन चालू असलं की त्यांचा आवाज वर येत नाही, म्हणून ती तारेला हिसका देतात. एक हिसका, थांब. दोन, वर घे. तीन, माणूस आहे, जपून. न समजणारा हिसका आला तर इंजिन बंद.

एका दुपारी चारही गडी वर येऊन बाभळीखाली भाकरी खात होते. चाचा त्यांच्यातच होते. मी एकटा इंजिनाच्या सावलीत बसलो होतो, बादली अर्धी भरून खालीच लटकत होती. सकाळच्या सुरुंगाचा वास अजून विहिरीतून येत होता. मी सवयीनं तारेवर हात ठेवला होता. तार हलली. आधी वाटलं वारा. मग परत, तीन वेळा, तुटक, कुणीतरी खाली बोट धरून ओढावं तशी.

मी बाभळीखालची डोकी मोजली. चार गडी, पाचवे चाचा. विहिरीत डोकावलो तर भर उन्हातून काहीच दिसेना, नुसता काळोख. हाक मारली, ती माझ्याच आवाजात परत आली. मग पुन्हा तीन हिसके. दुपारी बारा-एकची वेळ आमच्याकडं तशीही चांगली मानत नाहीत.

चाचांना बोलावलं. त्यांनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. एक गडी म्हणाला, चाचा, बादली वर घेऊन बघू. चाचांनी नुसता हात वर केला. मग ते स्वतः, त्या वयात, दोराच्या शिडीनं खाली उतरले.

खाली एक बाई होती. जवळच्या वस्तीवरची. आम्ही जेवायला गेलेलं बघून ती पलीकडच्या बाजूच्या, खडकात खोदलेल्या पायट्यांवरून उतरली होती, खडकातून झिरपणारं पाणी नारळाच्या कवटीनं घागरीत भरायला. सुरुंगानं सुटलेला दगड घसरून तिचा पाय अडकला होता, आणि अर्धी भरलेली बादली बरोबर तिच्या डोक्यावर लटकत होती, तीच ती हात वर करून ओढत होती. ती ओरडली नव्हती. दुसऱ्याच्या विहिरीत चोरून उतरलेली बाई ओरडणार कशी. पाय मोकळा करून तिला वर आणलं तेव्हा तिनं कुणाकडं बघितलं नाही, लंगडत निघून गेली. घागर खालीच राहिली होती, ती चाचांनी भरून तिच्या वस्तीवर पोचवली.

त्या दिवशी काम लवकर थांबवलं. चाचा मला एवढंच म्हणाले, “रस्सी को झूट बोलना नै आता, बेटा. हाथ रखा तो सुन लेना.”

दुष्काळ संपायच्या आत मी समुद्रावर गेलो. कंधारचा एक माणूस मुंबईला बंदरात टगवर खलाशी होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणारी बोट. तो आमच्या नात्यातल्या लग्नाला आला होता, मला यारीची तुटलेली तार गुंफून जोडताना त्यानं पाहिलं, आणि म्हणाला की हे काम येणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत. आमचं घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, तोंडात नमस्काराच्या जागी शरणार्थ, समुद्र कुणी पाहिलेला नाही. आईला मी खूप वर्षांनीसुद्धा समजावून सांगू शकलो नाही. आम्ही टँकर ओढून आणतो म्हटलं की तिला पाण्याचा टँकरच वाटायचा, आणि ती विचारायची, मग एखादा इकडं का न्हाई आणत?

पुढची गोष्ट त्यानंतर दहा-बारा वर्षांनी घडली. मी तिशी ओलांडली होती. कंधारचा तो माणूस आता आमच्या टगचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम झाला होता. आमची टग बंदरापासून लांब, बंद पडलेली जहाजं आणायला जायची.

निरोप आला की एका रिकाम्या तेलवाहू जहाजाच्या इंजिनघरात आग लागली, माणसं दुसऱ्या जहाजानं उतरवून घेतली, सगळी सुखरूप, मोजणी बरोबर. आग आपोआप विझली असावी, जहाज मात्र वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडं सरकून राहिलंय. अशा जहाजांच्या मागच्या टोकाला संकटात ओढून न्यायची सोय ठेवलेली असते. एका पेटीत भगव्या रंगाचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, त्याला बांधलेला तरंगता दोर, दोराच्या मागं रिळावर गुंडाळलेली मनगटाएवढी जाड तार. पेटीची खीळ काढून बोया पाण्यात टाकला की टगनं यायचं, बोया गळानं उचलायचा, दोर ओढायचा, की मागोमाग तार बाहेर येते. ती आपल्या तारेला जोडली की झालं. पेटीशेजारी हे सगळं चित्रांनी काढून ठेवलेलं असतं, कारण घाबरलेल्या माणसाला अक्षरं वाचता येत नाहीत. पण त्या जहाजाच्या कप्तानानं कळवलं होतं की मागं इतका धूर होता की पेटीपर्यंत कुणी जाऊच शकलं नाही. म्हणजे आम्हालाच चढून ती उघडावी लागणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. गणपती नुकतेच होऊन गेले होते, समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. धुरकट उजेड होता. त्यात ते जहाज वाऱ्याला आडवं पडून हळूहळू डुलत होतं. एवढं मोठं जहाज आणि आवाज नाही, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगता येणार नाही. जहाज बंदरात झोपलेलं असतं तेव्हासुद्धा त्याच्या पोटात काहीतरी गुरगुरत असतं. इथं काही नव्हतं. नुसता पाण्याचा चापट मारल्यासारखा आवाज, आणि कुठंतरी एक दार उघडत-मिटत होतं.

आणि जहाजाच्या मागं पाण्यावर भगवा बोया तरंगत होता.

आमचे कप्तान केरळचे होते, फार चांगला माणूस. ते खूश झाले, काम सोपं झालं म्हणाले. धुरातून कुणीतरी जाऊन टाकला असेल आणि त्यांच्या कप्तानाला सांगायचं राहिलं असेल. सारंग मात्र पेटीकडं बघत राहिला.

आम्ही बोया उचलला. दोर टगच्या मागच्या टोकावरून आत घेतला. बोयापासून थोड्या अंतरावर दोरात एक कापड गुरफटलेलं होतं, लाल चौकड्यांचं, ओलं होऊन घट्ट बसलेलं. सारंगानं चाकूनं कापून ते समुद्रात टाकलं. मग मी दोराचे वेढे विंचला, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राला दिले. ओढायला सुरुवात करण्याआधी मी हातमोजे काढून हात ठेवला, तेवढी सवय माझी कधीच गेली नव्हती.

लाटेचा ओढा लांब असतो. येतो, थांबतो, सोडतो. तो मला ओळखू येत होता. त्याच्या मधेच, दोर ताठ झाल्यावर, तीन हिसके आले. तुटक.

मी विंच बंद ठेवली. कप्तान वरून विचारत होते, काय झालं. मी सांगितलं की जहाजावर माणूस आहे. त्यांनी हातातला कागद दाखवला, मोजणी बरोबर आहे म्हणाले, लाट असेल. वारा वाढत होता, आणखी दोन तास घालवले तर जोडणं अवघड होणार होतं, हेही खरं होतं. पण विंच चालवली असती तर रिळावरची जाड तार झटक्यात बाहेर धावली असती. तिच्याजवळ कुणी उभं असेल तर त्याचं काही राहिलं नसतं. मी तसाच उभा राहिलो. परत तीन आले. या वेळी तिसरा फार हलका होता.

सारंगानं येऊन दोरावर हात ठेवला. त्याला काही जाणवलं नाही. तो माझ्याकडं एकदा बघून वर गेला आणि कप्तानांना म्हणाला, “साहेब, हा माणूस विहिरीवर वाढलाय. आपण थांबू. चुकलं तर माझ्यावर.”

कप्तानांनी अर्धा तास दिला.

रबरी होडीतून सारंग आणि मी गेलो. माणसं उतरताना वापरलेली शिडी अजून लोंबत होती. वर चढलो तर सगळ्या मागच्या भागावर काजळीचा थर. जेवणघरात ताटांत भात तसाच, वाळून खडखडीत झालेला. भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत चालू होतं. आम्ही दोघंही हळू आवाजात बोलत होतो. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पेटीपाशी आलो. झाकण उघडं, खीळ काढून नीट बाजूला ठेवलेली. माणूस नाही. काजळीत अनवाणी पावलं होती. खालच्या एका दारातून पेटीकडं आलेली, आणि पेटीकडून परत त्या दाराकडं गेलेली. मी खाली वाकून बघितली. येणारी पावलं जास्त होती. परत जाणारी कमी. सारंगानंही ते पाहिलं होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

दार सुकाणूच्या यंत्राच्या खोलीचं होतं. आत अंधार, तेलाचा वास. विजेरीचा उजेड फिरवला तर यंत्राच्या मागं एक माणूस बसलेला. कोवळा होता, पंचविशीचा असेल नसेल. ओठ फुटलेले, दोन्ही तळहात दोरानं सोललेले. आम्हाला बघून तो उठला नाही, उलट आणखी मागं सरकला, मारतील म्हणून हात डोक्यावर घेतला. जहाजात लपून आलेला होता. त्याला मोजणार कोण.

मी बाटलीतलं पाणी दिलं. सारंगानं थोडं थोडं पाज म्हणून हात धरला. पिऊन झाल्यावर त्यानं काहीतरी सांगितलं. आमच्या दोघांना येणाऱ्या पाच-सहा भाषांपैकी एकही ती नव्हती. मग त्यानं दोन बोटं वर केली. मी विचारलं, दोन दिवस? त्याला कळलं नाही. तो दोन बोटं तशीच धरून दाराकडं बघत राहिला.

आम्ही जहाज शोधलं. खोल्या, भांडार, इंजिनघराचं तोंड, होड्यांखाली, सगळीकडं हाका मारत. कुणी नव्हतं. अर्ध्या तासाचा तास झाला. मग त्या माणसाला पेटीपासून लांब बसवून कप्तानांना बिनतारी यंत्रावर कळवलं, तार बाहेर निघाली, जोडली गेली, आणि जहाज हळूच वळून आमच्या टगच्या मागं चालायला लागलं.

त्या लाटांत त्याला होडीनं टगवर नेणं धोक्याचं होतं. म्हणून सारंग आणि मी तारेवर लक्ष ठेवायला आणि त्याला सांभाळायला त्याच जहाजावर राहिलो. चार दिवस लागले.

ते चार दिवस मी कुणाला फारसे सांगितलेले नाहीत. तो माणूस शांत होता, सांगू ते करायचा. पण जेवण दिलं की तो अर्धं दुसऱ्या ताटात काढायचा आणि ते ताट सुकाणूच्या खोलीच्या दाराशी ठेवायचा. संध्याकाळी उजेड कमी झाला की तिथं बसून बोलायचा. एकट्याचंच बोलणं. पण मधे मधे थांबायचा, कुणाचं ऐकून घ्यावं तेवढा वेळ, आणि मग हो-नाहीचं उत्तर दिल्यासारखं एखादा शब्द बोलायचा. एकदा हसलाही. सकाळी ताट तसंच असायचं, अन्न आंबलेलं. मी ते समुद्रात टाकून ताट धुवायचो, आणि दार ओलांडताना, खोटं कशाला सांगू, आत न बघता ओलांडायचो. तिसऱ्या दिवशी सारंगानं त्या दारापुढची काजळी बादलीभर पाण्यानं धुऊन काढली. मला म्हणाला, “पावलं दिसून राहिली. बरं न्हाई वाटत.” मी म्हणालो, बरं केलंत.

मुंबई सोडून दुसऱ्या एका बंदरात जहाज नेलं, तिथं पोलीस, डॉक्टर, जहाजाच्या कंपनीचा माणूस, सगळे वाट बघत होते. गोदीत काम करणारा एक म्हातारा परदेशी खलाशी त्याची भाषा थोडी समजायचा, त्याला आणलं. सारंग आणि मी जबाब द्यायला तिथंच बसलो होतो, म्हणून ऐकलं.

ते दोघं होते. भाऊ-भाऊ, एकाच खोलीत लपलेले. आग लागली तेव्हा वर धावपळ ऐकू आली, पण बाहेर आलो तर समुद्रात टाकतील या भीतीनं ते आले नाहीत. मग सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी थोरला वर गेला, परत येऊन म्हणाला की जहाजावर कुणीच नाही, पण मागं एक पेटी आहे आणि तिच्यावर चित्रं आहेत, चित्रात काढलंय तसं केलं की कुणीतरी येतं. तू इथंच थांब म्हणाला. नंतर दोर भर्रकन सुटल्याचा आवाज आला. थोरला परत आला नाही. धाकटा बघायला गेला तर पेटी उघडी, दोर ताठ होऊन पाण्यात गेलेला. तो भिऊन खाली आला आणि वाट बघत बसला. आमची टग दिसल्यावर त्यानं जाऊन दोर ओढला, आवाज काढायची हिंमत झाली नाही. किती वेळा ओढला ते त्यानं मोजलं नव्हतं. दोर हलायला लागला तसा परत पळाला.

पोलिसानं विचारलं, थोरल्याच्या अंगावर काय कपडे होते. म्हाताऱ्यानं विचारून सांगितलं, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल.

सारंग उठून बाहेर गेला. मी बाहेर आलो तेव्हा तो गोदीच्या कडेला बसला होता. त्यानं चाकू पाण्यात टाकून दिला होता. चांगला चाकू होता, वीस वर्षं वापरलेला.

मला रजा मिळाली. नांदेडला रेल्वेनं उतरून एसटीनं गावी गेलो. परत दुष्काळच होता. वाटेत अहमदपूरच्या पुढं रस्त्याकडंनं घागरींच्या रांगा होत्या. दोन दिवसांनी मी उदगीरला चाचांकडं गेलो. ते फार थकले होते, यारी मुलांनी विकली होती, अंगणात बाजेवर पडून असायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, ताटाचंसुद्धा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं,

“जो गया, उसका नाव काय होतं?”

मी म्हणालो, “विचारलंच न्हाई, चाचा.”

“चार दिवस व्हता ना तू त्याच्या भावाजवळ?”

“हाव.”

त्यांनी आत सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा पिऊन निघालो. ते मला दारापर्यंत सोडायला आले नाहीत, ते पहिल्यांदाच.

पुढं मी त्या बंदरातल्या कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्यांदा सांगितलं की तो माणूस त्याच्या देशात परत गेला, कागद मुंबईला आहेत. दुसऱ्यांदा टेबलावर नवा माणूस होता. त्यानं रजिस्टर काढलं, जहाजाचं नाव शोधलं आणि त्यापुढचा एक आकडा मला दाखवला. लपून आलेल्या व्यक्ती, एक. मी सांगितलं, दोन होत्या. तो म्हणाला, दुसरी सापडली नाही ना, मग ती इथं येत नाही. बरोबरच होतं त्याचं. मी रजिस्टर मिटलं आणि बाहेर येऊन बराच वेळ बसच्या थांब्यावर उभा राहिलो. एक बस आली, गेली, मग दुसरीत बसलो.